अर्धशिशीसाठी आठवड्यातून एक बुधवार द्या : मराठवाड्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता, तसेच भूलशास्त्र आणि मेडिसिन विभागाचे प्रमुख,
मराठवाड्यातील सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालये

विषय : आठवड्यातून एक दुपार डोकेदुखीची ओपीडी ठेवून तिथे डोक्यामागच्या नसेचं इंजेक्शन उपलब्ध करून देण्याबाबत

महोदय, महोदया,

सा. न. वि. वि.

मी केज तालुक्यातला मेडिकलवाला. डी. फार्म. करून एकवीस वर्षांपूर्वी गावात दुकान टाकलं, तेव्हापासून गल्ल्यावर मीच बसतो. सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा डोक्याचं असतं. कपाळाला ओढणी घट्ट आवळलेली, कानशिलावर चुन्याची बोटं, एक डोळा अर्धा मिटलेला. तोंडानं फार बोलत नाहीत. "डोक्याची द्या" एवढंच. कोणती ते विचारायची गरज पडत नाही, कारण मला माहीत असतं. कात्रीनं पत्ता कापायचा, कागदाच्या तुकड्यात दोन गोळ्या गुंडाळायच्या, उरलेले पैसे परत करायचे. बाई तिथंच टपरीवरच्या चहासोबत एक गोळी घेते आणि खुरपायला जाते.

हे मी एकवीस वर्षं केलं. त्यातल्या काही गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात हे मला कॉलेजात शिकवलं होतं. तरी दिल्या. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं मी तुमच्याकडं बोट दाखवलं तर माझीही तीन बोटं कुठं वळलेली आहेत ते तुम्हाला दिसेल.

तीन-चार वर्षांपूर्वी मी एक उद्योग केला. उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर डोक्याची गोळी नेणाऱ्यांची नावं लिहायला लागलो आणि प्रत्येक फेरीला नावापुढं एक रेघ. महिना संपायच्या आत पान भरलं. काही नावांपुढच्या रेघा दोन ओळींवर गेल्या. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बाया होत्या, एक अंगणवाडीताई होती, बारावीची एक पोरगी होती. आणि एक नाव मी त्या पानावर लिहिलंच नव्हतं, कारण ते गिऱ्हाईक दुकानात येत नव्हतं, घरातल्या फळीवरूनच गोळी घेत होतं. ते नाव माझ्या बायकोचं.

गोळीनंच डोकं दुखायला लागतं हे गावात सांगून बघा, लोक हसतात. पण तुम्हाला हे नवं नाही. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळी किंवा अर्गोटामिन, ट्रिप्टान या अर्धशिशीच्या खास गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की अर्धशिशी असलेल्या माणसाचं डोकं गोळ्यांमुळंच रोज धरायला लागतं. आमच्याकडं सगळ्यात जास्त खपणाऱ्या गोळ्या म्हणजे कॅफीन घातलेल्या मिश्र गोळ्या आणि अर्गोटामिनवाल्या. अर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. हृदयाचा त्रास असलेल्याला ते चालत नाही, गरोदर बाईला चालत नाही, आणि घसा धरला म्हणून कुणी सोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलं तर बोटं काळीनिळी पडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. एका गल्ल्यावर डोक्याची गोळी आणि दुसऱ्या गल्ल्यावर घशाची, हे आमच्या गावात रोज घडू शकतं. दोन्ही गल्ल्यांना एकमेकांची खबर नसते.

आता घरचं सांगतो.

बायकोचं डोकं लग्नाच्या आधीपासून दुखतं. सासूबाईंनी सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाऊ घातली होती, नाकात तूप सोडलं होतं, सुंठ उगाळून कपाळाला लावली होती. आमच्या घरी आल्यावर बाम आणि गोळी. उजवं कानशील ठोके द्यायला लागायचं, मग डोळ्यामागं, मग मानेत. "आवं, तेवढी लाईट बंद करा" म्हणाली की मी समजायचो, आता उद्या संध्याकाळपर्यंत ही उठत नाही. फोडणीचा वास चालत नसे, देवाची घंटी चालत नसे. एका श्रावणात उपवासाच्या दिवशी उलट्या होऊन ती न्हाणीतच बसून राहिली, तेव्हा धाकटं लेकरू दाराला डोकं टेकून रडत होतं आणि त्या रडण्याचासुद्धा तिला त्रास होत होता. आई असून लेकराला गप्प बस म्हणावं लागलं, हे तिला अजून लागतं.

आम्ही एका दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या डॉक्टरांनी मुद्दाम काही वाईट केलं नाही. त्यांच्यासमोर रांग दाराबाहेर गेलेली होती. सीटी स्कॅन केला. नॉर्मल आला. "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असं सांगून गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या माझ्याच दुकानात होत्या.

हे "काही नाही" फार महागात पडतं, साहेब. स्कॅनमध्ये काही नाही याचा अर्थ गाठ नाही, रक्तस्राव नाही. अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसतच नसते. पण घरी येईपर्यंत त्याचा अर्थ बदलतो. जावा म्हणतात नाटक आहे. शेजारीण म्हणते बाहेरचं आहे, दाखवून आणा. आणि रोजंदारीवरच्या बाईचा मुकादम काय म्हणतो ते मी इथं लिहू शकत नाही. तुम्ही ज्या शब्दांनी बाईला धीर देता, त्याच शब्दांनी तिचं दुखणं गावात खोटं ठरतं.

पुढं बायकोला महिन्यातले वीसेक दिवस डोकं राहायला लागलं. रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांपैकी एकीनं तिचा बीपी उतरून चक्कर यायची. दुसरीनं दिवसभर झापड, शिवाय वजन वाढलं. तिसरीनं बोटांत मुंग्या आणि बोलताना शब्द सापडेनात. कुणाला या गोळ्या छान लागू पडतात, हिला पडल्या नाहीत. शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्यानं एका पेन क्लिनिकचा, म्हणजे जुनाट दुखण्यांवर उपचार करणाऱ्या दवाखान्याचा, नंबर काढला आणि आम्ही रात्रीच्या एसटीनं निघालो.

अर्धशिशीच्या माणसानं रात्रभर एसटीनं जाणं म्हणजे काय, ते एकदा डोळ्यापुढं आणा. डिझेलचा वास, हॉर्न, स्टँडवरचे दिवे, आणि पिशवीत उलटीसाठी ठेवलेल्या चार प्लॅस्टिकच्या थैल्या. पुण्यात उतरली तेव्हा ती माझा खांदा धरून चालत होती, दोन दिवस पोटात काही नव्हतं.

तिथं मी जे पाहिलं, त्यासाठी हे पत्र.

मॅडम भूलतज्ज्ञ होत्या. आधी अर्धा तास नुसतं विचारत बसल्या. कधीपासून, महिन्यात किती दिवस, गोळी किती दिवस, हात-पाय कधी लुळे पडले का, दिसायचं कमी झालं का, ताप, मान आखडणं. मग बायकोला टेबलावर हाताची घडी घालून त्यावर कपाळ टेकायला लावलं, शाळेत पोरं झोपतात तसं. डोक्याच्या मागं मधोमध हाडाचं टेंगूळ असतं, त्यावर एक बोट. कानामागच्या हाडावर दुसरं बोट. दोन्हींमधलं अंतर नजरेनं तीन वाटे करून, मधल्या टेंगळापासून पहिला वाटा संपतो तिथं केस बाजूला केले. तिथं बोटाखाली धमनी उडते का ते चाचपलं. दाबल्याबरोबर बायको "माय गं" म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "हीच जागा."

नंतर स्पिरिटचा बोळा, अगदी बारीक सुई, सिरिंजमध्ये लिग्नोकेन, म्हणजे तेवढी जागा बधिर करायचं औषध. आधी मागं ओढून रक्त येत नाही ना ते बघितलं आणि मग दोन-तीन दिशांना थोडं थोडं सोडत मिळून दोन मिली. उजवीकडं एक, डावीकडं एक. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो, सगळं पाच मिनिटांच्या आत झालं. बायकोला म्हणाल्या, पडून राहा, चक्कर आली तर सांगा.

"मागं टोपी घातल्यासारखं झालंय," ती थोड्या वेळानं म्हणाली. डोक्याचा मागचा भाग बधिर झाला होता, ते अपेक्षितच होतं. मी कपाळाबद्दल विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. उठून बसली आणि समोरच्या भिंतीवरचा तक्ता हळूहळू वाचायला लागली, एकेक ओळ. ट्यूबलाईट चालू होती. मग म्हणाली, चहा मिळेल का इथं?

मी पुढचं खोटं सांगणार नाही. पहिल्या इंजेक्शननंतर पाच आठवडे बरे गेले. दुसऱ्यानंतर जेमतेम आठ-नऊ दिवस. तिसऱ्याच्या वेळी मॅडमनी गोळ्या पूर्ण थांबवून पाहायला सांगितलं आणि त्या थांबवण्याच्या पहिल्या पंधरा दिवसांत डोकेदुखीचा जो उठाव होतो तो या इंजेक्शननं पेलला गेला. आता तिचं डोकं महिन्यात पाच-सहा दिवस दुखतं. दुखणं गेलेलं नाही. पण ती वहीत तारखा लिहिते, आणि मीही आता फळीवरचा पत्ता मोजतो.

परतीच्या गाडीत मला एकच प्रश्न सतावत होता. दुखतं कपाळात आणि डोळ्यामागं, मग टोचलं मानेच्या वर कामून? पुढं वाचून, विचारून जे समजलं ते माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर तुम्ही दुरुस्त करा. चेहरा, डोळा, कपाळ आणि मेंदूभोवतीचं आवरण यांची खबर ट्रायजेमिनल नावाची नस नेते. डोक्याच्या मागच्या भागाची खबर नेणारी नस, म्हणजे ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह, मानेतल्या दुसऱ्या मज्जातंतूमधून निघते. दोघींचे रस्ते वेगळे, पण मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वरच्या टोकाला, त्या एकाच फाट्यावर येऊन मिळतात. आमच्या मांजरसुंब्यासारखं. मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाड्या तुंबल्या की केजकडचा माणूसही अडकतो आणि चौसाळ्याकडचाही, आणि तो बिचारा समजतो की आपल्याच रस्त्यावर काहीतरी झालंय. एका बाजूची गर्दी थोडा वेळ थांबवली की फाटा मोकळा होतो आणि दुसऱ्या बाजूचीही वाट सुटते. भुलेचा असर काही तासांचा, पण आराम कधी कधी आठवडे टिकतो, तो या फाट्यावरची तारांबळ शांत झाल्यामुळं, असं मानतात.

तसं आपल्या बोलीत नस म्हणजे रक्ताचीही आणि संवेदनेचीही. "डोक्याची नस उडतीय" असं बाया म्हणतात तेव्हा त्यांना धमनी म्हणायची असते. कित्येक दशकं डॉक्टर मंडळीही रक्तवाहिन्या फुगण्यालाच मूळ कारण धरून चालली होती. ट्रायजेमिनल नस आणि तिच्या टोकांतून सुटणारा सीजीआरपी हा रेणू यांवर ज्यांनी काम केलं, त्या चौघांना, मॉस्कोविट्झ, एडविनसन, गोड्सबी आणि ओलेसेन यांना, मेंदूवरच्या संशोधनासाठी दिलं जाणारं २०२१ सालचं ब्रेन प्राइझ मिळालं. म्हणजे दुखणं नसेचं आहे हे आता जगमान्य आहे. फक्त आमच्या गावापर्यंत ती बातमी गोळीच्या रूपातच पोचली.

नसेवर करायचे इतर उपायही आहेत, ते मला माहीत नाहीत असं समजू नका. कपाळावर चिकटवून भुवईच्या वरच्या नसेला सौम्य करंट देणारं यंत्र आहे, त्याला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. मानेवर धरून तिथल्या व्हेगस नावाच्या नसेला उत्तेजन देणारं आहे. दंडाला बांधायचं, मोबाईलवरून चालणारं, ४५ मिनिटं करंट देणारं यंत्र २०२३ साली भारतातही आलं. दंडावर दिलेल्या करंटनं डोकं कसं थांबतं याचं उत्तर गमतीशीर आहे: शरीरात एका जागी जाणवणारा उत्तेजक संदेश दुसऱ्या जागच्या दुखण्याला मेंदूकडूनच दाबायला लावतो. चिमटा काढून विंचवाचं दुखणं विसरायला लावणाऱ्या आमच्या आजीला ही विद्या अर्धीमुर्धी ठाऊक असावी. पण ते यंत्र ठरावीक वापरानंतर संपतं, नवं घ्यावं लागतं, आणि त्याला स्मार्टफोन लागतो. आमच्याकडं स्मार्टफोन घरात एक असतो आणि तो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो. बोटॉक्सचंही तेच. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी असणाऱ्यांसाठी त्याला अमेरिकेत २०१० साली मान्यता आहे, कपाळापासून खांद्यापर्यंत ३१ जागी मिळून १५५ युनिट, दर बारा आठवड्यांनी. खर्च ऐकून माणसाचं डोकं पुन्हा दुखावं. हे सगळं मी तुमच्याकडं मागत नाही.

मी मागतोय ते लिग्नोकेन. १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेलं औषध, आज राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याची बाटली माझ्या फ्रिजशेजारच्या फळीवर आहे आणि तुमच्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये, प्रत्येक दंत विभागात आहे. टाके घालताना, दात काढताना रोज वापरता. भूलतज्ज्ञ तुमच्याकडं आहेत. सिरिंज, सुई, स्पिरिटचा बोळा आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही जुनी महाविद्यालयं, आणि आता धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना धरून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. औषध आहे, हात आहेत, इमारत आहे. "डोकेदुखी" असं लिहिलेली खिडकी मात्र आमच्या तालुक्यातल्या एकाही बाईला सापडलेली नाही. केजवरून अंबाजोगाई तासाभराच्या आत, पण आम्हाला त्या दोन मिलीसाठी रात्रभर एसटीत बसावं लागलं.

डोकेदुखी किती मोठी गोष्ट आहे, असं कुणाला वाटेल. बंगळुरू आणि भोवतालच्या खेड्यांत निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेच्या संशोधकांनी घरोघरी फिरून केलेली पाहणी २०१५ साली छापून आली. वर्षभरात अर्धशिशी होणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास निघालं. बायांमध्ये जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. आमच्या लातूर-नांदेडची शीव ज्या राज्याला लागते, तिथली ही गोष्ट. आपल्याकडं ऊन, पाण्यासाठी रात्रीचं जागरण, एकादशी-चतुर्थीचे उपवास, पहाटे तीनला उठून उसाच्या फडात, हे सगळं अर्धशिशीला आवतण देणारंच आहे.

आता तुमच्या मनातले आक्षेप. गल्ल्यावर बसून माणूस ओळखायला शिकतो, म्हणून मीच लिहितो.

पहिला, हे न्यूरॉलॉजिस्टचं काम आहे. निदान गुंतागुंतीचं असेल तर नक्कीच. अचानक आभाळ कोसळल्यासारखं दुखणं, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं, तापासोबत मान आखडलेलं, बाळंतपणाच्या आसपास बीपीसोबत आलेलं, हे सगळं आधी बाजूला काढायलाच हवं. म्हणूनच मी खिडकी मागतो, नुसती सुई मागत नाही. पण साधी, जुनी, ओळखीची अर्धशिशी मेडिसिनचे डॉक्टर ओळखतात आणि इंजेक्शन भूलतज्ज्ञ देऊ शकतात. अमेरिकन हेडेक सोसायटीच्या तज्ज्ञांनी हे ब्लॉक, म्हणजे नस बधिर करायची इंजेक्शनं, कसे, कुठं, किती द्यावेत याबद्दल २०१३ सालीच सहमतीनं शिफारशी छापल्या आहेत. तुमच्या निवासी डॉक्टरांना एका दुपारी शिकवता येईल इतकी ती कृती उघड आहे.

दुसरा, पुरावा. इथं मी माझी बाजू ताणणार नाही. चालू झटका मोडायला हे इंजेक्शन उपयोगी पडतं याचा पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. पुढचे झटके रोखण्यासाठी झालेल्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत, काहींत फरक दिसला, काहींत खाऱ्या पाण्याइतकाच असर दिसला. पण ज्यांना गोळ्या देताच येत नाहीत त्यांचं काय? हृदयाचा रोगी, किडनी गेलेला माणूस, गरोदर बाई, आणि माझ्या वहीच्या पानावरच्या बाया, ज्यांच्या गोळ्याच आधी बंद करायच्या आहेत. त्यांच्यासाठी लिग्नोकेनचा हा रस्ता तुलनेनं निर्धोक आहे. स्टेरॉइड मिसळायची गरज बहुतेकांना नसते, उलट त्यानं त्या जागचे केस जाऊ शकतात, कातडी खचू शकते.

तिसरा आक्षेप तुम्ही तोंडावर बोलणार नाही. गर्दी होईल. होईल. आमच्याकडं गोळीपेक्षा सुईवर लोकांची श्रद्धा जास्त. एका बाईचं डोकं थांबलं की गल्लीतल्या दहाजणी येतील, त्यातल्या चौघींना अर्धशिशी नसेलच. आणि मला याहून मोठी भीती वेगळीच आहे. तुम्ही हे सुरू केलं नाही आणि लोकांना कळलं की डोक्यामागं सुई मारली की डोकं थांबतं, तर दुसऱ्या महिन्यात आमच्या भागातले बोगस डॉक्टर मानेवर सुया मारायला लागतील, तीही स्टेरॉइड भरून. कवटीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला इथं सुई चालत नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जपावं लागतं, भुलेच्या औषधाची ॲलर्जी विचारावी लागते, चक्कर येऊन माणूस कोसळला तर सावरायला माणूस आणि सामान लागतं. हे बोगसवाल्याला काय माहीत? म्हणून ही गोष्ट तुमच्या छपराखालीच सुरू व्हायला हवी.

खिडकी उघडलीत तर तिच्यासोबत एक कागदही द्या. मराठीत, एका पानाचा. तारीख, कधी दुखलं, किती वेळ, गोळी घेतली का, पाळी. चौकोन मोठे ठेवा, लिहिता न येणारी बाई नुसती खूण करेल. जन आरोग्य योजनेच्या कार्डावर भरती होऊन करायचे उपचार बसतात, अशी पाच मिनिटांची ओपीडीतली सुई तिथं कुठं बसवायची याचा विचार तुम्ही लोक करू शकता, मी नाही. आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना वर्षातून एकदा बोलावून हात बसवून दिलात, तर बायांना जिल्ह्यापर्यंतही यावं लागणार नाही.

आम्हा मेडिकलवाल्यांनाही यात घ्या. गल्ल्यावर लावायला एक पाटी द्या, तुमच्या महाविद्यालयाच्या शिक्क्यासह: "महिन्यात दहा दिवसांपेक्षा जास्त डोक्याची गोळी लागते का? बुधवारी दाखवा." माझ्या शब्दाला कोण विचारतं, पण शिक्क्याला विचारतात. तालुक्यातल्या संघटनेच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एकजण म्हणाला, येड्या, आपलंच गिऱ्हाईक तोडतोस का? खरं आहे त्याचं. सकाळची पहिली विक्री जाईल. बायकोनं हे ऐकलं तेव्हा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, जाऊ द्या की, त्या दोन गोळ्यांवर आपला वाडा थोडाच उभा राहणार होता.

बुधवार मी विचार करून सुचवतोय. सोमवारी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी आमच्याकडं बाजार, बाया बाजार सोडून येणार नाहीत. शुक्रवारी निम्म्या जणींचा उपवास, आणि उपाशीपोटी एसटीत बसवून अर्धशिशीच्या बाईला आणणं म्हणजे दुखणं सोबत घेऊनच येणं. बुधवारी सकाळी आठची गाडी निघते, दहाच्या आत अंबाजोगाई, दुपारी सुई, संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी.

वहीचं ते पान मी फाडून ठेवलंय. नावं तुम्हाला पाठवणार नाही, ती त्या बायांची आहेत. पण पहिल्या बुधवारी त्यातल्या तिघींना मी स्वतः घेऊन येईन. अंगणवाडीताईंनी आत्ताच विचारलंय, सुट्टीचा अर्ज कोणत्या तारखेचा टाकू म्हणून.

तारीख कळवावी.

आपला नम्र,
एक औषध विक्रेता
ता. केज, जि. बीड